दंड आणि दया

मराठी माणसाने 'दंड' हा शब्द ऐकला की त्यातील काठी त्याला आधी जाणवते. संस्कृतात दंड म्हणजे काठी. राजाच्या हातातील राजदंड, संन्याशाच्या हातातील दंड आणि मोजमापासाठी वापरला जाणारा मापदंड ही सारी एकाच कुळातील मंडळी. काठी ज्या कामासाठी उगारली जाते, त्या शिक्षेलाही पुढे तेच नाव मिळाले. यास्काचार्यांच्या 'निरुक्त' या ग्रंथात या शब्दाच्या दोन व्युत्पत्ती नोंदवल्या आहेत. एकीनुसार दंड धारण करण्याशी जोडलेला आहे, तर औपमन्यव या आचार्यांच्या मते तो दमनाशी. शिक्षेचे अनेक प्रकार होते. त्यांतील पैशाच्या रूपाने भोगावयाच्या शिक्षेला 'धनदंड' म्हणत. कालांतराने 'धन' गळून पडले आणि मराठीत नुसता 'दंड' उरला. पैसे भरण्यापुरताच अर्थ शिल्लक राहिला, तरी काठीचा आवाज मात्र पुरता विरला नाही. न्यायालय आजही दंड 'ठोठावते', आणि बंद दारावर हात आपटण्यासाठीही मराठीत हेच क्रियापद वापरतात.

सर्वच भाषांनी या शिक्षेकडे काठीच्या रूपात पाहिलेले नाही. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात पैशाच्या शिक्षेसाठी एक वेगळाच शब्द होता. तो शब्द म्हणजे 'अमर्समेंट'. त्याचे क्रियापद 'अमर्स'. दैनंदिन इंग्रजीतून हा शब्द आता जवळजवळ नाहीसा झाला आहे. कायद्याच्या इतिहासाचे अभ्यासकच काय तो त्याच्या वाटेला जातात. परंतु त्याच्या पोटात जो अर्थ दडला आहे, तो पाहिला म्हणजे आश्चर्य वाटते. तो अर्थ आहे दया.

नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकले आणि त्यांच्याबरोबर फ्रेंच भाषा राजदरबारात व न्यायालयात आली. जुन्या फ्रेंच भाषेत 'आ मेर्सी' म्हणजे 'दयेवर अवलंबून'. जो अपराधी ठरला तो राजाच्या किंवा जमीनदाराच्या दयेवर येऊन पडला, अशी कल्पना होती. त्या अवस्थेला पोहोचवणे म्हणजे 'अमर्स' करणे. न्यायालयाच्या लॅटिन दप्तरात याच अवस्थेसाठी 'मिसेरिकॉर्दिया', म्हणजे करुणा, हा शब्द येई. 'अमुक मनुष्य करुणेत आहे' असा शेरा लेखनिक मारत, आणि तो इतक्या वेळा मारावा लागे की समासात दोन-तीन अक्षरांचे संक्षिप्त रूप लिहूनच ते मोकळे होत.

या 'मेर्सी' शब्दाचे मूळ शोधत आणखी मागे गेले की वाट थेट बाजारात जाते. लॅटिनमधील 'मेर्सेस' म्हणजे मोल, मजुरी, मोबदला. विकाऊ माल या अर्थाच्या 'मेर्क्स' या शब्दाशी त्याचे नाते आहे आणि इंग्रजीतील मर्चंट, कॉमर्स हे व्यापारी शब्दही त्याच घराण्यातले. ख्रिस्ती धर्माच्या भाषेत 'मेर्सेस'ला ईश्वराकडून मिळणारे फळ, कृपा, दया असे अर्थ प्राप्त झाले. फ्रेंच मनुष्य आभार मानताना 'मेर्सी' म्हणतो, तेही याच शब्दाचे एक रूप. मोलापासून निघालेला शब्द दयेपर्यंत पोहोचला आणि न्यायालयात शिरताच पुन्हा मोलाकडे वळला, कारण येथे दयेची किंमत पैशात मोजावी लागे.

नॉर्मन विजयापूर्वी इंग्लंडमध्ये दंडाच्या रकमा बहुधा ठरलेल्या असत. कोणत्या इजेसाठी पीडिताला किती भरपाई द्यावयाची आणि राजाला किती भरावयाचे, हे रूढीने व राजांच्या कायद्यांनी निश्चित केले होते. जखमेगणिक, माणसाच्या दर्जागणिक रक्कम सांगणारी ती एक दरपत्रकेच होती. नव्या राजवटीत ही दरपत्रके मागे पडली. अपराधी आधी दयेत पडे आणि मग त्याने किती भरावे हे ठरे. ठरलेल्या रकमेच्या जागी मर्जी आली.

दयेत पडण्यासाठी फार मोठा अपराध करावा लागत नसे. न्यायालयात हजर राहण्याचे कर्तव्य चुकवणारा दयेत पडे. फिर्याद करून जो हरला तोही खोट्या दाव्याबद्दल दयेत पडे. परस्परांच्या वर्तनाची हमी घेणाऱ्या माणसांचे गट असत. त्यांतील कोणी गुन्हा करून पळून गेला आणि बाकीचे त्याला हजर करू शकले नाहीत, तर सारा गटच दयेत जाई. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये आयुष्यात एकदाही दयेत न पडलेला सामान्य माणूस सापडणे कठीण होते. राजाच्या तिजोरीसाठी हे उत्पन्नाचे एक नित्याचे साधन झाले होते.

येथे या गोड शब्दाचा कडू भाग समोर येतो. ज्या दयेला माप नाही, ती दया आणि लहर यांत फरक कसा करावयाचा? मनुष्य दयेवर सोडला गेला म्हणजे त्याच्याकडून काहीही घेता येते, असाच त्याचा व्यवहारातील अर्थ झाला. हे दुखणे लवकरच राज्यकर्त्यांच्याही ध्यानी आले होते. पहिला हेन्री ११०० मध्ये गादीवर बसला तेव्हा त्याने एक सनद काढली. आपल्या वडिलांच्या व भावाच्या काळात चालला तसा दयेचा मनमानी प्रकार चालणार नाही, अपराधाच्या मानानेच रक्कम घेतली जाईल, असे वचन त्याने त्या सनदेत दिले. वचन कागदावर राहिले. शंभर वर्षांनंतर जॉन राजाच्या कारकिर्दीत युद्धखर्चासाठी पैसा हवा होता आणि तो उकळण्याच्या अनेक वाटांपैकी ही एक रुळलेली वाट होती.

जॉनच्या विरोधात सरदार उठले आणि १५ जून १२१५ रोजी थेम्स नदीकाठच्या रनिमीड येथील कुरणावर राजाला त्यांच्या मागण्या मान्य कराव्या लागल्या. हाच तो प्रसिद्ध मॅग्ना कार्टा. त्यातील कायदेशीर न्यायनिवाड्याशिवाय कोणालाही कैद न करण्याचे कलम जगभर परिचित आहे. विसाव्या कलमाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ते कलम संपूर्णपणे या दयेच्या शब्दाविषयी आहे. स्वतंत्र माणसाला लहान अपराधासाठी अपराधाच्या मानाने आणि मोठ्या अपराधासाठी त्याच्या गांभीर्याच्या मानाने दंड व्हावा. परंतु त्याची उपजीविका व जगातील त्याचे स्थान शाबूत राहावे, असे ते सांगते. त्यासाठी वापरलेला शब्द होता 'कंटेनेमेंट', म्हणजे ज्याच्या आधारावर मनुष्य उभा राहतो ते सारे. त्याच नियमाने व्यापाऱ्याचा विकाऊ माल वाचवावयाचा होता आणि भूदासाचे शेती कसण्याचे साधन वाचवावयाचे होते. शेवटी आणखी एक अट होती. ही रक्कम राजाच्या अधिकाऱ्याने आपल्या मनाने ठरवावयाची नाही; शेजारपाजारच्या भल्या माणसांनी शपथेवर ठरवावयाची.

या एका कलमात न्यायाची किती सूक्ष्म समज आहे, हे सावकाश विचार केल्यावर लक्षात येते. दंडाला दोन मापे लावावयाची आहेत. पहिले माप अपराधाचे आणि दुसरे माप अपराध्याच्या जगण्याचे. नांगर जप्त केला तर शेतकऱ्याला शिक्षा होते, हे खरे. पण पुढच्या हंगामात त्याच्या मुलाबाळांना काय मिळणार? ज्या शिक्षेने मनुष्य पुन्हा उभाच राहू शकत नाही, ती पैशाची शिक्षा या नावाखाली दिलेली दुसरीच कोणती तरी मोठी शिक्षा असते. तेराव्या शतकातील त्या कलमाने हा भेद ओळखला होता.

अर्थात या उदारतेलाही मर्यादा होत्या. भूदास हा स्वतंत्र माणूस नव्हता. त्याचे अवजार वाचवण्यात जमीनदाराचेही हित होते, कारण भूदासाची मालमत्ता कायद्याने जमीनदाराचीच समजली जाई. मॅग्ना कार्टा १२१७ मध्ये पुन्हा काढला गेला, तेव्हा या कलमात एक लहानसा बदल झाला आणि हे संरक्षण राजाच्या स्वतःच्या भूदासांखेरीज इतरांच्या भूदासांपुरते उरले. दयेचा हात कोणापर्यंत पोहोचू द्यावयाचा, हे लिहिणाऱ्याच्या हाती असते, हेच त्यावरून दिसते.

तरीही शेजाऱ्यांनी रक्कम ठरवण्याची पद्धत गावपातळीवर खरोखरच चालली. जमीनदारांच्या स्थानिक न्यायालयांत निकालानंतर काही गावकऱ्यांना शपथ देऊन दंडाची रक्कम निश्चित करण्यास बसवत. या कामाला 'अफीअर' करणे म्हणत. हा शब्दही बाजारातलाच; त्याच्या मुळाशी लॅटिनमधील 'फोरम' म्हणजे बाजार आहे आणि त्याचा अर्थ भाव ठरवणे. कोणाच्या घरात किती धान्य आहे, कोणाची गाय मेली आहे, कोण खोटी गरिबी सांगतो आहे, हे शेजाऱ्यांइतके कोणास ठाऊक असणार? त्या न्यायालयांच्या नोंदींत काही नावांपुढे 'गरीब असल्यामुळे माफ' अशा अर्थाचा शेरा आढळतो. दुसरीकडे घरी बिअर गाळून विकणाऱ्या बायकांवर ठरावीक काळाने काही पेन्सचा दंड पडत राही आणि त्यांचा धंदाही चालू राही. त्यांच्या बाबतीत दंड हा जणू परवान्याचा हप्ताच बनला होता. एकच शब्द, पण कोठे तो करुणा होता आणि कोठे केवळ वसुली.

हळूहळू या शब्दाची जागा दुसऱ्या शब्दाने घेतली. तो शब्द म्हणजे 'फाइन'. त्याचे मूळ लॅटिनमधील 'फिनिस', म्हणजे शेवट. पैसे देऊन प्रकरणाचा शेवट करणे, तडजोड करून मोकळे होणे, असा त्याचा आरंभीचा अर्थ. तुरुंगात पडलेला मनुष्य काही रक्कम कबूल करून सुटका करून घेई, तो 'फाइन'. पुढे न्यायाधीश स्वतःच्या अधिकारात जी रक्कम लावीत तिला हे नाव मिळाले. शेजाऱ्यांनी ठरवलेली रक्कम 'अमर्समेंट' आणि न्यायाधीशाने ठरवलेली रक्कम 'फाइन', असा भेद कायदेपंडित करू लागले. भेद शब्दांचा होता, परंतु परिणाम माणसांवर झाला. मॅग्ना कार्टातील कलम 'अमर्समेंट'पुरते होते. 'फाइन'ला ते लागू नाही, असे म्हणण्यास वाट मोकळी झाली. सतराव्या शतकात राजकीय विरोधकांवर प्रचंड रकमा लादल्या गेल्या. जॉन हॅम्डन या राजकारणी पुरुषाला १६८४ मध्ये ४०,००० पौंडांचा दंड झाला. इतकी रक्कम भरणे शक्यच नव्हते आणि न भरल्यास तुरुंग ठरलेलाच होता. नाव दंडाचे, शिक्षा तुरुंगाची.

या अनुभवातूनच १६८९ च्या इंग्लंडमधील हक्कांच्या सनदेत एक वाक्य आले. अवाजवी दंड लादला जाऊ नये, असे त्यात म्हटले होते. अमेरिकेच्या संविधानात १७९१ मध्ये झालेल्या आठव्या दुरुस्तीतही तेच तत्त्व आले. सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळाने, २०१९ मध्ये, तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे एका नागरिकाच्या मोटारीचा प्रश्न आला. त्याच्या गुन्ह्यासाठी कायद्यात जास्तीत जास्त १०,००० डॉलर दंड होता आणि राज्य सरकारला जप्त करावयाची होती ती गाडी त्याच्या चौपटीहून अधिक किमतीची होती. अवाजवी दंडाविरुद्धचे संरक्षण राज्य सरकारांवरही बंधनकारक आहे, असा निर्णय न्यायालयाने एकमताने दिला. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिलेल्या निकालपत्रात या तत्त्वाची परंपरा मॅग्ना कार्टापर्यंत मागे नेलेली आहे. आठशे वर्षांपूर्वी नांगर आणि विकाऊ माल वाचवण्यासाठी लिहिलेले कलम अशा रीतीने एका मोटारीच्या कामी आले.

हा विचार केवळ इंग्लंडचाच होता असे मात्र नाही. मनुस्मृतीत वाग्दंड, धिग्दंड, धनदंड आणि वधदंड असा क्रम सांगितला आहे आणि दंड देताना देश, काळ, अपराध व अपराध्याचे सामर्थ्य पाहावे, असेही म्हटले आहे. सामान्य माणसाला जेथे एक कार्षापण दंड होईल तेथे राजाला सहस्र व्हावा, असाही एक नियम त्यात आहे. मात्र त्याच ग्रंथात जन्माच्या वर्णावरून दंडाचे माप बदलते, आणि जो खालच्या पायरीवर मानला गेला त्याच्या वाट्याला अधिक कठोर शिक्षा येते. सामर्थ्य पाहून दंड करणे आणि जन्म पाहून दंड करणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत न्याय आहे, दुसरीत अन्याय.

मराठेशाहीच्या कागदपत्रांत दंडासाठी 'गुन्हेगारी' हा शब्द येतो. आजच्या वाचकाला 'गुन्हेगारी वसूल केली' असे वाक्य वाचून नवल वाटेल, कारण त्याच्या कानाला गुन्हेगारी म्हणजे गुन्हे करण्याची प्रवृत्ती. फारसी 'गुनाह' शब्दापासून आलेली ही 'गुन्हेगारी' त्या काळी अपराध्याने सरकारात भरावयाची रक्कम होती. वतनाच्या तंट्यात जो पक्ष हरे त्याच्याकडून गुन्हेगारी घेत आणि जो जिंके त्याच्याकडून 'हरकी' घेत. हरकी म्हणजे जिंकल्याच्या आनंदाचे देणे. इंग्लंडात हरलेला फिर्यादी दयेत पडे, तसाच येथे हरलेला वादी गुन्हेगार ठरे. दोन दूरच्या देशांनी एकाच घटनेला किती वेगळी नावे दिली! एकाने हरणाऱ्याला दयेचा विषय मानले, दुसऱ्याने गुनाहाचा. सरकारची तिजोरी मात्र दोन्हीकडे भरली.

आधुनिक भारतात हा सारा वारसा एका लहानशा वाक्यात आला. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ६३ सांगत असे की, जेथे दंडाची कमाल रक्कम नमूद केलेली नाही तेथे ती कितीही असू शकेल, परंतु ती अवाजवी असता कामा नये. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि हे तत्त्व तिच्या आठव्या कलमात कायम राहिले. दंड न भरल्यास न्यायालय कारावास सुनावू शकते, आणि रक्कम भरताच तो कारावास संपतो, हेही त्याच कलमात आहे.

या शेवटच्या तरतुदीपाशी क्षणभर थांबावयास हवे. दोन माणसांना समान अपराधासाठी समान दंड झाला. एकाने खिशात हात घातला आणि तो घरी गेला. दुसरा रोजंदारीवर जगणारा. त्याच्याकडे रक्कम नव्हती, म्हणून तो आत राहिला. कायद्याच्या दृष्टीने शिक्षा एकच होती, भोगताना ती दोन झाली. या विषमतेवर उपाय म्हणून फिनलंडने १९२१ मध्ये आणि स्वीडनने १९३१ मध्ये वेगळी रीत स्वीकारली. तेथे अपराधाच्या मानाने दंडाचे दिवस ठरतात आणि एका दिवसाची रक्कम त्या माणसाच्या उत्पन्नावरून ठरते. भारतातही २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात, दंडाची वा जामिनाची रक्कम भरता येत नसल्यामुळे तुरुंगात असलेल्या गरीब कैद्यांना आर्थिक साहाय्य देण्याची घोषणा झाली आणि त्यासाठी योजना आखण्यात आली. अशी योजना आखावी लागली, यातच प्रश्नाचे उत्तर आहे. केवळ पैसे नाहीत म्हणून माणसे गजाआड राहत होती.

शब्द जुने होतात आणि वापरातून जातात. त्यांत शोक करण्यासारखे काही नाही. 'अमर्समेंट' गेला, 'गुन्हेगारी'ने अर्थ बदलला, 'दंड' मात्र टिकून आहे. परंतु त्या जुन्या इंग्रजी शब्दाचा इतिहास एक गोष्ट शिकवून जातो. दया नुसती नावात असून भागत नाही. तिला माप नसेल तर ती जुलूम होते. माप नुसते अपराधाचे असून भागत नाही. भरणाऱ्याच्या घरात उद्या चूल पेटेल की नाही, हेही त्या मापात मोजले गेले पाहिजे. दंड भरून झाल्यावर मनुष्य आपल्या कामावर परत जाऊ शकला, त्याचा नांगर त्याच्याच शेतात चालू राहिला, तर त्या दंडाने आपले काम केले. काठी म्हणून सुरू झालेला शब्द मापदंडातही आहे, हे मराठी भाषेने पूर्वीच सांगून ठेवले आहे.